देवाला जरूर विचारा, पण आधी वही उघडा



प्रत्येक बॅचमध्ये शेवटच्या दिवशी एक प्रश्न हमखास येतो. सगळ्यांसमोर नाही, चहाच्या वेळी बाजूला घेऊन, हळू आवाजात. "सर, गाळा बघितलाय. टोकन द्यायच्या आधी देवाला विचारायचं म्हणतोय. तुम्हाला काय वाटतं?"

काही ट्रेनर हसून सांगतात, देव-बिव सोडा, धंद्यात फक्त आकडे. मी असं सांगत नाही. मी स्वतः रोज सकाळी देवासमोर दोन मिनिटं बसल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. पण देवाला काय विचारायचं आणि काय नाही, हे मला पैसे घालवून कळलंय. तेच आज तुम्हाला सांगतो.

मी सिंधुदुर्गातला. आमच्याकडे मोठा निर्णय असला की देवळात कौल लावतात. गुरव देवाच्या मूर्तीवर डाव्या-उजव्या अंगाला ओल्या पाकळ्या किंवा तांदळाचे दाणे चिकटवतो. मग गाऱ्हाणं घालतो, आणि आपण हात जोडून "होय महाराजा" म्हणत उभं राहायचं. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गोव्यातही अनेक देवळांत असा प्रसाद घेतात. मतदारांनी कौल दिला असं आपण म्हणतो ना, त्यातला कौल हाच शब्द.

२०११ साली मी पुण्यात कोकणी मालाचं दुकान टाकायला निघालो होतो. कोकम, आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचं पीठ. गाळा बघून झाला होता. डिपॉझिट १ लाख, त्यातले ६० हजार ताईचे. गावी जाऊन कौल लावला. गुरवकाकांनी विचारलं, "प्रश्न काय?" मी म्हटलं, "पुण्यात माझं बरं होईल का, एवढंच विचारा."

काका माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "देवाक सगळा ठावक आसा. पण तुका काय होया, ता आधी तुका कळाक होया."

मला वाटलं, म्हातारा माणूस, बोलतोय काहीतरी. उजवा कौल मिळाला. मी नाचत पुण्याला आलो.

सातव्या महिन्यात दुकान बंद केलं.

आता हिशोब बघा, जो मी तेव्हा केलाच नव्हता. भाडं १४ हजार, मदतनीस ८ हजार, लाइट आणि किरकोळ ३ हजार. महिन्याचा खर्च २५ हजार, आणि यात माझा पगार धरलेला नाही. मालावर सुटायचे २५ टक्के. म्हणजे नुसता खर्च भागवायला महिन्याला १ लाखाची विक्री हवी. गाळा होता ऑफिसांच्या भागात, शनिवार-रविवार रस्ता ओस. राहिले २२ दिवस. रोज साडेचार हजारांची विक्री, म्हणजे दीडशे रुपयांची खरेदी करणारी ३० गिऱ्हाइकं. माझ्याकडे यायची दहा-बारा. कोकम-कुळीथ घेणारं गिऱ्हाईक सुट्टीच्या दिवशी घरच्यांबरोबर बाहेर पडतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. एका रविवारी त्या गल्लीत तासभर उभा राहिलो असतो तर कळलं असतं.

करार ११ महिन्यांचा. मधे सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून कापणार, असं कलम होतं. मी न वाचता सही केली. चार महिन्यांचे ५६ हजार गेले, हातात आले ४४. ताईचे पूर्ण पैसे परत करायला मला पुढे दीड वर्ष लागलं. ती एका शब्दाने बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

मी मात्र देवावर रागावलो. उजवा कौल देऊन फसवलंस म्हणून. बऱ्याच दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला. मी विचारलं होतं, "बरं होईल का?" भाडं किती, रस्त्यावर वर्दळ किती, करारात काय लिहिलंय, यातलं काहीच मी देवापुढे ठेवलं नव्हतं, कारण ते मलाच माहीत नव्हतं. निर्णय माझा होता, जबाबदारी मात्र मी देवाच्या खांद्यावर टाकून मोकळा झालो होतो.

तेव्हापासून मी प्रश्नांचे तीन ढीग करतो. तुम्हीही करून बघा.

पहिला ढीग हिशोबाचा. भाडं परवडेल का, उधारी किती द्यायची, मशीन नवं घ्यायचं की जुनं. याची उत्तरं वहीत, बाजारात आणि करारात असतात. ती शोधायला हात, पाय आणि डोकं मिळालेलं आहे. इथे प्रार्थना करायचीच असेल तर एवढीच करा, की समोर दिसणारा आकडा नाकारायची बुद्धी नको देऊस.

दुसरा ढीग नीतीचा. त्याच दुकानात आंबापोळीचा एक बॉक्स तारीख उलटलेला निघाला. वास ठीक, रंग ठीक. नवीन लेबल लावलं असतं तर अडीच हजार वाचत होते. सकाळी देवासमोर बसलो आणि विचारायला गेलो, "देवा, लेबल बदलू का?" वाक्य तोंडातून निघेना. बॉक्स फेकून दिला. मित्रांनो, जो प्रश्न देवासमोर मोठ्याने विचारता येत नाही, त्याचं उत्तर मिळालेलं असतं. कमी वजन, कच्चं बिल, कामगाराचा थकलेला पगार, सगळ्याला हीच कसोटी लावा.

तिसरा ढीग खऱ्या कोड्यांचा. सगळा हिशोब झाला, दोन्ही पर्याय सारखेच बरे दिसतायत, आणि रात्रीची झोप उडालीय. मोठ्या कंपनीत अशा वेळी चार माणसं टेबलाभोवती बसतात. आपण एकटे. इथे देवाला विचारा, कौल लावा, काही हरकत नाही. मन शांत होतं, भीती जरा बाजूला होते आणि पाऊल उचललं जातं. नंतर ते चुकलं तरी ते आपलंच पाऊल, हे मात्र विसरायचं नाही.

आणि एक. आपल्या श्रद्धेच्या भरवशावर दुसऱ्याचे पैसे लावू नका. तुकाराम महाराज वाण्याच्या घरातले, घरात महाजनकी. दुष्काळानंतर त्यांनी लोकांकडच्या येण्याची खतं इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. पण त्याआधी त्यांनी धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाट्याची खतं वेगळी काढून त्याला दिली आणि फक्त स्वतःचा वाटा बुडवला, असंही परंपरा सांगते. एवढा मोठा भक्त, पण भावाच्या पैशाचा निर्णय त्याने स्वतः घेतला नाही. मी ताईला साधं विचारलंही नव्हतं की हे पैसे बुडाले तर तुझं काय अडेल.

म्हणून तुमचं देऊळ असो, दर्गा असो की चर्च, जरूर जा. जाण्याआधी मात्र एका कागदावर चार ओळी लिहून न्या. महिन्याचा खर्च किती. तो भागवायला रोज किती गिऱ्हाइकं हवीत. हे चाललं नाही तर कुणाचे किती पैसे जातील. आणि त्या माणसाला हे माहीत आहे का.

तो कागद देवासमोर मोठ्याने वाचा. आमच्याकडचं गाऱ्हाणं दुसरं काय असतं? सगळं खरं खरं मांडायचं, काही लपवायचं नाही. वाचता वाचता एखाद्या ओळीवर आवाज अडखळला, तर टोकन खिशातच ठेवा आणि आधी त्या ओळीवर काम करा.

अडखळला नाही, तर होय महाराजा. लागा कामाला.