भूत, गुन्हा आणि समीक्षेचे सोवळे

मराठी समीक्षेला लोकप्रिय कलाकृतींचे वावडे नवे नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणि नारायण धारपांच्या भयकथा तिने वाङ्मयेतिहासाच्या समासात ढकलल्या. दूरचित्रवाणी मालिकेच्या वाट्याला समासही आला नाही. ‘झी मराठी’वर २०१६ मध्ये सुरू झालेली आणि २०१९ व २०२१ मध्ये आणखी दोन पर्वांत विस्तारलेली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका याचे ठळक उदाहरण होय. कोकणची बदनामी आणि अंधश्रद्धेचा प्रसार या दोन आक्षेपांभोवतीच सुशिक्षितांची चर्चा प्रामुख्याने फिरत राहिली. नरेंद्र दाभोलकरांची हत्या आणि जादूटोणाविरोधी कायदा या दोन्ही घटना २०१३ मधल्या. त्यानंतरच्या महाराष्ट्रात दुसरा आक्षेप घेतला जाणे स्वाभाविक होते. परंतु नैतिक प्रश्न विचारून झाला की वाङ्मयीन प्रश्न आपोआप निकालात निघतो, हा शुद्ध भ्रम आहे.

या मालिकेचा चाहता नेमके काय करीत होता? अण्णा नाईकांच्या मृत्यूने सुरू झालेल्या कथेत जे घडते आहे ते मनुष्याचे कृत्य की भुताचे, यावर तो वाद घालत होता. त्सव्हेतान तोदोरोव्ह यांनी १९७० मध्ये अद्भुताची जी मीमांसा केली तिचा गाभा हाच आहे : घटनेचे स्पष्टीकरण लौकिक की अलौकिक, हा निर्णय जोवर लांबतो तोवरच अद्भुत टिकते. तोदोरोव्हचे नावही न ऐकलेला प्रेक्षक ही दोलायमान अवस्था जगत होता, तिच्यासाठी पुरावे गोळा करीत होता. आणि तोदोरोव्ह शिकवणारे मात्र त्याला भाबडा ठरवीत होते.

दुसऱ्या पर्वाने काळ मागे नेला. अण्णा आणि शेवंता यांचा पूर्वेतिहास सांगताना त्याची पहिल्या पर्वाशी जुळणी करणे भाग पडले. ही जुळणी करणारा, विसंगतींवर बोट ठेवणारा प्रेक्षक संहितेची चिकित्साच करीत असतो. त्याने रचलेली ‘पुराणकथा’ मालिकाकर्त्यांच्या मालकीची उरत नाही. तिसऱ्या पर्वात भुतांचा वावर उघड झाला आणि दोलायमानता संपली. भय उरले, अद्भुत गेले. हा फरक अंधश्रद्धेच्या मोजपट्टीने मोजताच येणार नाही.

खानदेशाच्या टोकाला, बुलढाण्याच्या सीमेवर असलेल्या बोदवडसारख्या ठिकाणाहून पाहिले तर प्रश्न अधिक टोकदार होतो. लेवा गणबोलीच्या या परिसराला मालवणी बोली परकी. मुंजा, हडळ, आसरा यांचे विश्व मात्र ओळखीचे. लोकसमजुतीत मुंजा होतो तो मुंज झालेला पण सोडमुंज वा लग्न होण्यापूर्वीच मेलेला मुलगा. हडळ होते ती बाळंतपणात मेलेली स्त्री. म्हणजे पिशाचयोनी ठरते ती अपुऱ्या राहिलेल्या आयुष्यावरून. उलट नाईकांच्या वाड्यातील भूत येते ते दडपलेल्या गुन्ह्यातून : जमीनदाराची सत्ता, विवाहाबाहेरचा संबंध आणि त्या संबंधातून जन्मलेल्या मुलीचा हक्क यांतून. लोकश्रद्धेतील भूत संस्कार मागते, मालिकेतील भूत न्याय मागते. संस्कारभंगाचा आदिबंध गुन्हेकथेच्या चौकटीत शिरताना जे रूपांतर होते, ते आधुनिक मराठी समाजाच्या कल्पनाशक्तीविषयी बरेच काही सांगते. प्रदेशाच्या बदनामीचा हिशेब मांडणाऱ्यांना हे दिसले नाही, यात नवल नाही. लोकसाहित्याच्या अभ्यासकांना दिसू नये, याचे मात्र नवल वाटते.

चाहत्यांची चर्चा निर्दोष आहे, असे यातून सुचवायचे नाही. प्रत्येक धागा जुळलाच पाहिजे हा तिचा हट्ट पुष्कळदा कलाकृतीचे कोडे करून टाकतो, आणि कोडे सुटले की शेवंतेवरील अन्यायाचा प्रश्नही सुटल्यासारखा भासतो. तिची मोठी मर्यादा हीच. समीक्षेचे काम येथे सुरू होते. परंतु हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ मध्येच चाहत्यांच्या अर्थनिर्मितीला अभ्यासविषय केले असताना, तीन दशकांनंतरही वाचककेंद्री समीक्षेवर व्याख्याने झोडणाऱ्यांनी प्रत्यक्ष प्रेक्षक दिसताच नाक मुरडावे, हा सिद्धान्ताचा नव्हे, सोवळ्याचा प्रकार आहे.

देशीयतेचा पुकारा करणाऱ्या समीक्षेने तरी हे सोवळे सोडावे. भुताला भिणारा आणि भुताचा अर्थ लावणारा, हे दोघे एकाच प्रेक्षकात नांदू शकतात. पहिल्याचे प्रबोधन करायचे असेल तर आधी दुसऱ्याचे ऐकून घेतले पाहिजे.