पोळे पोखरणारी अळी आणि औषधाची परीक्षा



महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यात ज्यांच्या परसात सातेरी मधमाश्यांची पेटी आहे, त्यांना मेणपतंग काही नवा नाही. करड्या रंगाचा हा पतंग रात्री पेटीच्या फटीत शिरून अंडी घालतो. त्यांतून निघालेली अळी मेणाचे पोळे पोखरते आणि आत जाळे विणते. वसाहत दुबळी असली, तर माश्या पेटी सोडून निघून जातात. म्हणून ही अळी दिसली की मधपाळ तिला चिरडतो, आणि ते योग्यच आहे. पण हीच अळी जगातल्या अनेक प्रयोगशाळांत मुद्दाम वाढवली जाते. ती कशासाठी, ते आज पाहू.

लावणीच्या दिवसांत पायात काटा मोडतो, विळा लागतो, आणि जखम घेऊनच आपण चिखलात उभे राहतो. जुलै २०२१ च्या महापुरात महाडकरांना तर गटाराच्या पाण्यातून आणि गाळातून वावरावे लागले. अशा वेळी जखमेत जंतू शिरतात. त्यांच्यावर डॉक्टर प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक औषधे देतात. मात्र ही औषधे कारण नसताना किंवा अर्धवट घेतली गेली, की काही जंतू त्यांना दाद देईनासे होतात. पुढे तेच वाढतात आणि साधी जखमही जिवावर बेतू शकते.

मग दुसरा उपाय काय? जंतूंनाही मारणारे विषाणू निसर्गात आहेत. १८९६ मध्ये हॅन्किन या इंग्रज शास्त्रज्ञाने लिहून ठेवले, की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, पण तेच पाणी उकळले तर मरत नाहीत. पुढे १९१७ मध्ये देरेल या शास्त्रज्ञाने जंतू मारणाऱ्या अशा विषाणूंना 'बॅक्टेरिओफाज', म्हणजे जंतुभक्षक, असे नाव दिले. थोडक्यात त्यांना फाज म्हणतात. फाज जंतूला चिकटतो, आत आपले बीज सोडतो, आणि थोड्याच वेळात जंतू फुटून त्यातून नवे फाज बाहेर पडतात. मात्र प्रत्येक फाजाचे भक्ष्य ठरलेले असते. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला चालत नाही, तसेच हे. म्हणून कोणता फाज कोणत्या जंतूवर चालतो, हे आधी पारखावे लागते.

काचेच्या बशीत फाजाने जंतू मारले, तरी जिवंत शरीरात ते जमेलच असे नाही. इथे आपली अळी उपयोगी पडते. ती माणसाच्या शरीराइतक्या, म्हणजे ३७ अंश उष्णतेत जगते. सुमारे दोन सेंटिमीटर लांब असल्याने तिला बारीक सुई टोचता येते. शिवाय तिच्या रक्तातल्या पेशी आपल्या पांढऱ्या पेशींप्रमाणे जंतूंना गिळतात.

सारख्या वजनाच्या अळ्या निवडून त्यांचे गट करतात. एका गटाला फक्त जंतू टोचतात. दुसऱ्याला जंतू टोचून मग फाज देतात. तिसऱ्याला नुसते फाज, म्हणजे फाजामुळेच काही अपाय होतो का ते कळते. चौथ्याला नुसते मिठाचे पाणी, म्हणजे सुईच्या इजेने किती मेल्या ते कळते. टोचण्याचे प्रमाण एका थेंबाच्या पाचव्या हिश्श्याइतके. मग रोज मोजणी होते. आजारी अळी काळी पडत जाते, मेलेली शिवली तरी हलत नाही. पहिल्या गटातल्या अळ्या मेल्या आणि दुसऱ्यातल्या बहुतेक जगल्या, तर फाज कामाचा असे समजतात. चार-पाच दिवसांत निकाल हाती येतो आणि उंदरांवरचे पुष्कळ प्रयोग वाचतात.

पण अळी वाचली म्हणजे माणूस वाचेल, असे नव्हे. आपल्या रक्तात रोगाची आठवण ठेवणारी प्रतिपिंडे तयार होतात, अळीत ती होत नाहीत. म्हणून अळीची परीक्षा ही पहिली पायरी. तिच्यापुढे उंदीर, आणि त्यानंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली माणूस.

सावित्रीच्या पाण्यातही फाज असणारच, मग तेच पाणी जखमेवर ओतावे का? मुळीच नको. नदीत भक्षक आहेत तसे भक्ष्यही आहे. जखम स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा, कोरडी ठेवा, धनुर्वाताचे इंजेक्शन चुकवू नका. सूज किंवा ताप आला तर दवाखाना गाठा.

पेटी असेल तर फटी बुजवा, तळाचा कचरा वरचेवर झाडा, जुनी रिकामी पोळी वितळवून मेण करा.

आणि गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, शेजाऱ्याला देऊ नका, आणि बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका. गाईची कास सुजली तरी नियम हाच. खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांना आणि कोंबड्यांना कोलिस्टिन देण्यावर सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली ती याचसाठी. फाजाचे औषध आपल्या गावच्या दवाखान्यात येईल तेव्हा येईल. तोवर हाताशी असलेली औषधे निकामी होऊ न देणे आपल्याकडेच आहे.