गाडी थंडीनं आखडत नाही, भाऊ

हिवाळा लागला की आपल्या परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही गॅरेजवर, कुठल्याही चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "काही नाही झालं, थंडीनं आखडली गाडी. गरम झाली की होते नीट." हे वाक्य मी स्वतः कैक वर्षं बोललोय. आज त्याच्याच विरोधात लिहितोय, कारण याच वाक्यानं मागच्या डिसेंबरात माझ्या हातून अकरा बायांचा जीव घेतला असता.

माझी एमएच २२ पासिंगची जुनी डिझेल पिकअप आहे. सकाळी साडेसहाची वेळ, हाडं गोठवणारी थंडी. मागं कापूस वेचणीला निघालेल्या बाया. मालवाहू गाडीत माणसं बसवू नयेत हे मला माहीत होतं, तुम्हालाही माहीत आहे आणि ती रोज बसतात हेही आपल्या सगळ्यांना माहीत आहे. जिंतूरकडच्या एका उतारावर ब्रेक दाबला तर पॅडल दगडासारखं कडक. पाय पूर्ण जोर लावतोय, गाडी थांबायला तयार नाही. वेग तोडावा म्हणून दुसरा गिअर टाकायला गेलो, तर खर्रर्र आवाज आणि गिअर पडेचना. हँडब्रेक ओढला, त्याची केबल कधीचीच ढिली. शेवटी गाडी तुरीच्या रानात घातली. उभ्या तुरीनं गाडी अडवली. कुणाला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही.

बाया खाली उतरल्या. त्यातली एक म्हातारी पदर सावरत मला म्हणाली, "लेकरा, आजची हजेरी बुडंल का रे?"

त्या दिवशी कुणी दगावलं असतं तर सगळ्यांनी "ब्रेक फेल" म्हणून विषय संपवला असता. मीही तेच सांगितलं असतं. पण मिस्त्रीनं गाडी उघडली तेव्हा कळलं की आपोआप फेल असं काहीच झालं नव्हतं. जे होतं ते सगळं माझ्या माहितीतलं होतं.

डिझेल गाडीचा ब्रेक हलका लागतो तो बूस्टरमुळं. बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम एक छोटा पंप तयार करतो. बऱ्याच पिकअपमध्ये तो डायनामोच्या मागं बसवलेला असतो, पट्ट्यावर फिरतो आणि इंजिनच्याच ऑइलवर चालतो. माझ्या गाडीचा पट्टा ढिला होता आणि व्हॅक्यूमच्या रबरी पाइपला चीर गेली होती. उन्हाळ्यात रबर मऊ असतं, चीर मिटून राहते, काम भागतं. थंडीत रबर ताठतं, ऑइल घट्ट होतं, दवानं पट्टा घसरतो आणि पहिल्या दहा मिनिटांत बूस्टर रिकामाच राहतो.

आता गिअरचं ऐका. गिअरबॉक्स जुना झाला की गुणगुणतो. तो आवाज दाबायला आपण काय करतो? ८०-९० नंबरच्या जागी १४० नंबरचं जाड ऑइल ओततो. आवाज बंद, मालक खूश. पण पहाटेच्या गारठ्यात ते ऑइल काकवीसारखं होतं आणि गिअर पडत नाही. हे ऑइल मी स्वतः सांगून टाकून घेतलं होतं, मिस्त्रीनं "नको" म्हटलं असतानाही.

यातली खरी मेख समजून घ्या. उतारावर ब्रेक कमी पडला तर गिअर हा आपला दुसरा ब्रेक असतो. दुर्लक्ष केलेल्या गाडीत थंडी हे दोन्ही एकाच वेळी काढून घेते. तेही कधी, तर गाडी भरलेली, रस्ता ओला आणि गोदाकाठाला गंगाखेड, सोनपेठ, पाथरीकडं धुकं दाटलेलं असतं तेव्हा. थंडी बिघाड करत नाही. वर्षभर आपण लपवलेला बिघाड ती उघडा पाडते.

ब्रेक ऑइलचंही तसंच. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ ऑइल ताजं असताना २०५ अंशांच्या पुढं उकळतं, पाणी मुरलं की हा आकडा १४० पर्यंत खाली येऊ शकतो. म्हणजे आत सिलिंडर गंजतो आणि लांब उतारावर ड्रम तापले की ऑइलची वाफ होऊन पॅडल खाली बसतं. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. आपण फक्त वरून भर घालतो. काही महाभाग तर इंजिन ऑइल ओततात, त्यानं आतली रबरं फुगून निकामी होतात.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं : "भाड्यात परवडत नाही." मला दिवाळीत मिस्त्रीनं अडीच-तीन हजारांचं काम सांगितलं होतं. ते मी पुढं ढकललं. त्याच दिवाळीत गाडीला नवे लाइट लावले आणि मागं लेकरांची नावं रंगवून घेतली. परवडत नव्हतं की दिसत नव्हतं म्हणून केलं नाही? ज्यानं त्यानं स्वतःला विचारावं.

आता सरकारकडं येतो. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस लागतं. आपण त्याला पासिंग म्हणतो आणि पासिंग कसं होतं हेही जाणतो. दुपारची वेळ, इंजिन गरम, गाडी रिकामी, दुसऱ्याचे टायर एका दिवसापुरते चढवलेले. पहाटे सहाला दीड टन माल घेऊन ती गाडी थांबते का, हे कोण बघतं? २०२१ मध्ये केंद्रानं जुन्या गाड्या भंगारात काढायचं धोरण आणलं, २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांच्या फिटनेसची फी कैक पटीनं वाढवली. पण फी वाढवून ब्रेक लागत नसतात. नीट राखलेली पंधरा वर्षांची गाडी पाच वर्षांच्या बेवारस गाडीपेक्षा बरी. गुन्हा वयाचा नाही, हलगर्जीचा आहे.

आणि मागं बसणाऱ्यांचं काय? मालवाहू गाडीत बसलेल्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच स्पष्ट केलंय. म्हणजे त्या म्हातारीला काही झालं असतं, तर भरपाईची जबाबदारी माझ्यावर होती आणि माझ्याकडं द्यायला ही पिकअप सोडून काही नव्हतं. एका हजेरीसाठी ती कशावर बसली होती, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. मीही नाही.

म्हणून तीन मागण्या करतोय.

एक. दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान होतं, ड्रायव्हरला गुलाबाचं फूल देऊन फोटो काढतात. फूल नको. तेच अभियान नोव्हेंबरात मोंढ्यावर, जिनिंगवर, साखर कारखान्याच्या गेटवर आणा आणि सकाळी गार गाड्यांचे ब्रेक तपासा.

दोन. पासिंगला ब्रेक डोळ्यानं नाही, मशीनवर मोजा. नापास गाडीला नुसता दंड नको, दुरुस्तीची मुदत आणि फेरतपासणी द्या.

तीन. ज्याला मजूर पाहिजेत त्यानं माणसं नेण्याच्या गाडीचं भाडं द्यावं. शेतमालक असो की मुकादम, "पिकअपमध्ये कोंब, स्वस्तात होतं" हे बंद करा. मी माझ्यापुरतं बंद केलंय. धंदा कमी झाला, खोटं कशाला बोलू.

आणि गाडीवाल्या भावांनो, उद्या सकाळी एवढं करा. इंजिन बंद असताना ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पॅडल कडक होईल. पाय तसाच दाबून ठेवा आणि गाडी चालू करा. पॅडल थोडं खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. नाही गेलं तर किल्ली काढा आणि मिस्त्रीला फोन लावा. पॅडल दाबून धरल्यावर हळूहळू बसत गेलं तर ऑइल गळतंय किंवा आतली रबरं गेलीत. गिअर कडक असेल तर गाडी जागेवर रेस करून उपयोग नाही, गिअरबॉक्स चालल्यावरच गरम होतो. पहिले दोन-तीन किलोमीटर हळू न्या आणि आत कितीचं ऑइल आहे ते विचारून घ्या.

गाडी थंडीनं आखडत नाही, भाऊ. आपण वर्षभर हात आखडता घेतलेला असतो.

पटलं तर तुमच्या गावातल्या पिकअपवाल्याला दाखवा. नाही पटलं तर खाली बोला, मी उत्तर देतो.