हंगामाआधीची मशागत

पावसाळा सुरू झाला की आपल्या भागात ऊसतोडीचा हंगाम संपलेला असतो. भवानीनगर, माळेगाव, बिजवडी इथल्या साखर कारखान्यांची धुराडी थंड असतात आणि तोडणी मजूर बीड, अहिल्यानगरकडे आपापल्या गावी परतलेले असतात. याच दिवसांत तिकडे पुण्यात, येरवड्याच्या पूना गोल्फ क्लबसारख्या मैदानांवर पावसामुळे हौशी खेळाडूंचा खेळ मंदावतो. गोल्फ आणि ऊसतोड एका परिच्छेदात आलेली पाहून नवल वाटेल. पण डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर या दोघांच्या शरीराचे गणित बरेच जवळचे आहे. दोघेही वाकून, एकाच बाजूने पीळ घेऊन, हातातली वस्तू जोराने पुन्हा पुन्हा फिरवतात. दोघांचीही पहिली तक्रार कंबरदुखीची असते. हंगाम थांबलेला असताना गोल्फपटूने काय करावे, याचे शास्त्र आज तयार आहे. ऊसतोड मजुरापर्यंत मात्र त्यातले काहीच पोचलेले नाही.

निवांत खेळाची कडक तयारी

गोल्फ म्हणजे निवृत्त अधिकाऱ्यांनी सकाळी फिरत फिरत खेळायचा खेळ, अशी आपली समजूत. ती आता जुनी झाली. तब्बल ११२ वर्षांच्या खंडानंतर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये गोल्फ परतला. टोकियोत अदिती अशोक चौथी आली, तेव्हा गोल्फ कधी न पाहिलेल्या घरांतही लोक पहाटे टीव्हीसमोर बसले. त्याच स्पर्धेत पुण्याचा उदयन माने भारताकडून खेळला. व्यावसायिक खेळाडूच्या काठीचे टोक चेंडूला लागते तेव्हा त्याचा वेग ताशी १८० किलोमीटरच्या आसपास असतो. अठरा खड्ड्यांचा एक डाव पायी खेळला तर आठ-दहा किलोमीटर चाल होते.

या वेगाची किंमत शरीर मोजते. टायगर वूड्सच्या पाठीवर अनेक शस्त्रक्रिया झाल्या. २०१७ मध्ये कमरेचे मणके एकमेकांना जोडण्याची वेळ आली. २०१९ मध्ये त्याने मास्टर्स स्पर्धा पुन्हा जिंकली, पण इतके कसलेले शरीरसुद्धा सततच्या पिळाने थकते, हे त्याच्या दुखण्याने जगाला दाखवले. त्यामुळे आजचे गोल्फपटू स्पर्धा नसलेल्या महिन्यांकडे सुट्टी म्हणून पाहत नाहीत. शेतकरी उन्हाळ्यात नांगरट करतो, तसे ते त्या काळात शरीराची मशागत करतात.

पीळ बसतो कुठे?

कमरेचे पाच मणके वाकण्यासाठी चांगले आहेत, वळण्यासाठी नाहीत. पाचही मणक्यांचे मिळून वळणे जेमतेम दहा-पंधरा अंश होते. छातीमागचे मणके त्याच्या दुपटीहून जास्त वळतात, आणि खुब्याचा सांधा तर वाटीत गोळा फिरावा तसा फिरतो. म्हणजे शरीर वळवण्याचे खरे काम खुब्याने आणि पाठीच्या वरच्या भागाने करायचे असते. कमरेने मधला खांब बनून स्थिर राहायचे असते.

आता हेच खुबे आखडले असतील तर? दिवसभर खुर्चीत, गाडीत, सोफ्यावर बसणाऱ्या माणसाचे खुबे हळूहळू आखडतात. उकिडवे बसणे सुटले, मांडी घालून जेवणे सुटले, की ही प्रक्रिया आणखी वेग घेते. मग वळायची वेळ आली की खुब्याचे उरलेले काम कमरेवर येते. मणक्यांमधल्या चकत्या आणि मागचे छोटे सांधे तो पीळ सोसतात. एक दिवस सोसतात, एक हंगामही सोसतात, आणि मग कुरकुर सुरू होते. लोक म्हणतात, ‘कंबर धरली’. दुखते कंबर, पण दोष बऱ्याचदा तिच्या वरच्या-खालच्या शेजाऱ्यांचा असतो. म्हणून नुसती कंबर चोळून किंवा पट्टा बांधून हे दुखणे मुळातून जात नाही.

चार महिन्यांचा आराखडा

हंगाम संपल्यावर पहिले दोन-तीन आठवडे दुखऱ्या जागांना विश्रांती द्यावी. विश्रांती म्हणजे अंथरुणावर पडून राहणे नव्हे. रोज चालावे, सायकल चालवावी, पोहता येत असेल तर पोहावे. पूर्ण बसून राहिले तर दमसास दोन-चार आठवड्यांतच घटू लागतो.

त्यानंतरचे दोन महिने लवचिकता आणि ताकद या दोन्हींसाठी. लवचिकतेसाठी महागडी साधने लागत नाहीत. वक्रासन, मार्जारासन, पाठीवर झोपून दोन्ही गुडघे सावकाश एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला नेणे, हे पुरेसे आहे. प्रत्येक ताण अर्धा मिनिट धरावा. ओढ जाणवावी, पण कळ येऊ नये. ताकदीसाठी उठाबशा, भिंतीला किंवा ओट्याला हात टेकून जोर, सेतुबंधासन आणि दोन्ही हातांत पाण्याच्या सारख्या भरलेल्या बादल्या घेऊन सरळ चालणे. हा शेवटचा व्यायाम साधा दिसतो, पण कमरेभोवतीच्या सगळ्या स्नायूंना तो एकत्र कामाला लावतो. आठवड्यातून दोन-तीन दिवस हे करावे आणि मध्ये एक दिवस सोडावा. स्नायू लवकर बळकट होतात, पण त्यांना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, सावकाश बळकट होतात. कोपराच्या आतल्या बाजूला होणारे ‘गोल्फरचे कोपर’ हे दुखणे याच दोऱ्यांचे. म्हणून जोर वाढवायची घाई करू नये.

शेवटच्या महिन्यात वेग आणायचा. काठी फिरवायला सुरुवात हळू करावी आणि दर आठवड्याला थोडी वाढ करावी. उजव्या हाताने खेळणाऱ्याने सरावाच्या शेवटी काही वेळा डाव्या बाजूनेही काठी फिरवावी, म्हणजे एकाच अंगाला पडलेला पीळ मोकळा होतो.

एक गैरसमज दूर करायला हवा. खेळायला उतरण्याआधी लगेच मिनिट-मिनिटभर ताण धरून बसण्याने दुखापत टळते, असे अनेकांना वाटते. उलट त्याने स्नायूंचा जोर थोडा वेळ किंचित कमी होतो. खेळाआधी चालणे, हात-खांदे फिरवणे, हलक्या उठाबशा अशी हालती तयारी बरी. लांबवून धरायचे ताण खेळानंतर किंवा संध्याकाळी घ्यावेत.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. तिशीनंतर व्यायामाविना स्नायूंचे वजन दर दहा वर्षांत ३ ते ८ टक्के घटत जाते. त्यामुळे वर सांगितलेला आराखडा गोल्फची काठी कधी हातातही न घेतलेल्या शिक्षकाला, दुकानदाराला किंवा रविवारी टेनिस चेंडूने क्रिकेट खेळणाऱ्यालाही तितकाच लागू आहे. चाळिशी ओलांडलेल्यांनी सुरुवातीआधी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. चालताना छातीवर दाब येणे, पायात उतरणारी कळ, पाय बधिर होणे, रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी ही लक्षणे असतील तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल तर एक दिवसही थांबू नये.

कोयत्याचे काय?

आता ऊसाच्या फडाकडे वळू. एका हाताने ऊस धरायचा, कमरेत वाकून बुडाशी कोयता घालायचा, पाचट काढायचे, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवायची. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत रोज हेच. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात, आणि मोबदला टनावर असतो. उचल आधीच घेतलेली, म्हणून पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगाने काम करावे लागते. कोणताही प्रशिक्षक आपल्या खेळाडूला पहिल्याच दिवशी असे पळवणार नाही. हंगामाच्या सुरुवातीला ग्रामीण रुग्णालयांत कंबर, खांदा आणि मनगट धरून येणारे मजूर दिसतात. गोळी घेतात आणि फडात परततात, कारण खाडा परवडत नाही.

‘त्यांचे काम हाच व्यायाम, त्यांना वेगळा कशाला?’ असे म्हणणारे भेटतात. हा युक्तिवाद चुकीचा आहे. व्यायामात ओझे मोजून वाढते, मध्ये विश्रांती असते, दोन्ही अंगे सारखी वापरली जातात आणि पोटात पुरेसे अन्न असते. फडात यातले काही नसते. श्रमाने शरीर घडते तसे झिजतेही. घडणार की झिजणार, हे विश्रांती आणि आहार ठरवतात.

मजुराला योगासनांचे पत्रक देऊन हा प्रश्न सुटणार नाही, हेही खरे. पण जगात वेगळे प्रयोग झाले आहेत. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात हंगामी मजूर दिवसाला हजाराहून अधिक रोपे लावतात, तेही नगावर मजुरी घेऊन. त्यांच्यासाठी तिथल्या सेलकर्क कॉलेजातील अभ्यासकांनी ‘फिट टू प्लँट’ हा हंगामपूर्व तयारीचा कार्यक्रम बनवला. निकाराग्वातील एका साखर कारखान्याने ऊसतोड मजुरांना ठरलेली विश्रांती, सावली आणि पाणी दिले, तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडाला होणारी इजा कमी झाली. म्हणजे खेळाडूचे शास्त्र मजुराला लावता येते. त्यासाठी लागतो तो मालकाचा आणि सरकारचा निर्णय.

आपल्याकडे ऊसतोड मजूर महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर गदारोळ झाला, २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळही आहे. चर्चा मात्र शरीर मोडल्यावर होते. मोडण्याआधीचे चार महिने कोणाच्याच हिशेबात नसतात.

या चार महिन्यांत करण्यासारखे बरेच आहे. गाव सोडण्याआधी तिथल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रत्येक कोयत्याचे हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि साखर तपासली जावी. पंडुरोग असेल तर लोहाच्या गोळ्या पावसाळ्यातच सुरू व्हाव्यात, कारण रक्त भरून यायला दोन-तीन महिने लागतात. जुनी कंबरदुखी असलेल्यांना खुबे आणि पाठीचे चार व्यायाम तिथेच करून दाखवावेत. कारखान्यांनी पहिल्या दहा दिवसांत तोडणीचे उद्दिष्ट कमी ठेवून मजुरी पूर्ण द्यावी. मोळीचे वजन ठरवून द्यावे, ट्रॉलीच्या फळीचा चढ कमी ठेवावा, फडात सावली आणि पाणी असावे. यातल्या कशालाही नवे तंत्रज्ञान लागत नाही.

कारखान्यांच्या यंत्रांची दुरुस्ती याच महिन्यांत जोरात चालते. हंगामात यंत्र बंद पडले तर किती नुकसान होते, हे व्यवस्थापनाला नेमके ठाऊक असते, म्हणून त्यासाठी आधीच पैसे बाजूला काढलेले असतात. त्याच अंदाजपत्रकात मजुराच्या शरीरासाठीही एक ओळ असायला हवी. बॉयलर पेटायला अजून अवधी आहे, तेवढ्यात ती लिहिता येईल.