घरांतील यंत्रें : डिस्कचें नांव

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक अनर्थ ओढवतां ओढवतां टळला. ज्यांच्याकडे लिनक्स प्रणाली चालते त्यांच्यावर तसा प्रसंग केव्हांही येऊं शकेल, म्हणून तो वाचकांस सांगतों.

आमच्या संगणकांत दोन डिस्क होत्या. एकीवर प्रणाली, दुसरीवर तीर्थरूपांचीं पत्रें आणि त्यांच्या अखेरच्या वर्षांतील स्तोत्रपठणाचें ध्वनिमुद्रण. त्याची दुसरी प्रत कोठेंही नव्हती, हा दोष सर्वस्वीं माझा. ती करण्यासाठींच भाच्यानें चार टेराबाइटची नवी डिस्क आंत बसविली. संध्याकाळीं ती 'एसडीसी' या नांवानें दिसली, व त्यानें तें वहींत टिपून ठेविलें. दुसरे दिवशीं सकाळीं यंत्र सुरू केलें, तों दीड मिनिट तिष्ठून तें 'इमर्जन्सी मोड' मध्यें जाऊन बसलें.

"नवीच डिस्क अडते आहे, मामा, तिची विभागणी करून टाकतों," म्हणून त्यानें एसडीसीवर आज्ञा लिहावयास घेतली. मीं म्हटलें, "अरे, आधीं तिचें आकारमान तर पाहा." 'एलएसबीएलके' ही आज्ञा देतांच एसडीसीसमोर ९३१.५ जी आणि एसडीबीसमोर ३.६ टी असे आंकडे उमटले. एसडीसी ही आतां जुनी डिस्क होती! भाच्यानें कळफलकावरील हात उचलला, आणि बराच वेळ कोणी बोललें नाहीं.

झालें होतें तें असें. एसडीए, एसडीबी हीं नांवें डिस्कच्या अंगचीं नव्हेत. पंगतींत जो आधीं येईल तो पहिल्या पाटावर, तसा हा प्रकार. प्रारंभीं अनेक डिस्कचा शोध एकाच वेळीं चालतो, त्यामुळें क्रम कायम राहीलच अशी हमी नाहीं. कोणता विभाग कोठें जोडावा हें '/ईटीसी/एफएसटॅब' या फाइलींत लिहिलेलें असतें. तींत मीं हातानें 'एसडीबी१' लिहिलें होतें. कोऱ्या डिस्कवर असा विभागच नसल्यानें प्रणाली नव्वद सेकंद वाट पाहून थांबली. प्रणालीच्या स्वतःच्या विभागाची नोंद मात्र यूयूआयडीनें केलेली होती, म्हणून तिकडे बाध आला नाहीं.

यूयूआयडी हें फाइल-व्यवस्था जन्मास येते तेव्हांच मिळणारें नांव : बत्तीस चिन्हें, पांच गटांत. 'बीएलकेआयडी' ही आज्ञा तें दाखविते. शेजारींच 'पार्टयूयूआयडी' असतो, तो चुकून उतरवूं नये. एफएसटॅबची प्रत ठेवून मगच ओळ बदलावी. फाइल लिहूं देत नसेल तर मूळ विभाग 'रीमाउंट' करून लिहिता करावा. प्रणालीस अत्यावश्यक नसलेल्या डिस्कच्या ओळींत 'नोफेल' घालावें, म्हणजे ती नसली तरी यंत्र अडून बसत नाहीं. शेवटीं 'माउंट -ए' देऊन तेथल्या तेथें परीक्षा घ्यावी, व मगच यंत्र पुन्हा सुरू करावें. एक अपवाद ध्यानांत असावा : 'डीडी' नें संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत केल्यास यूयूआयडीही तोच उतरतो, मग जुळ्यांस एकच नांव ठेविल्यासारखा घोटाळा होतो.

आम्हीं ती ओळ बदलली, नव्या डिस्कची विभागणी दोघांनीं मिळून केली, आणि दुपारपर्यंत सर्व प्रत तयार झाली. भाच्यानें वहींतील 'एसडीसी' खोडून तेथें डिस्कच्या अंगावर छापलेला अनुक्रमांक लिहिला आहे.