शिक्षकाला शिकवू द्या

जून महिन्यात शाळा उघडल्या की मुलांचे वर्गात लक्ष लागत नाही, ही तक्रार नव्याने ऐकू येते. दोष कधी मुलांच्या, कधी आईबापांच्या आणि बहुधा शिक्षकाच्या माथी मारला जातो. चार इयत्तांची मुले एका खोलीत, दोन शिक्षकांपैकी एक तालुक्याच्या बैठकीस गेलेला; अशा ठिकाणी लक्ष लागावे तरी कसे, हे मात्र कोणी विचारीत नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभे केले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच कुरणात नेली. मूल जेथे आहे तेथून आरंभ करावयाचा, हे त्या कुरणशाळेचे मर्म आजच्या कोणत्याही वर्गात उतरविता येते. हिशेब आठवड्याच्या बाजारातील भावांवरून शिकवावा. वारली, कोरकू वा गोंडी बोलणाऱ्या मुलाला पहिले उत्तर त्याच्या बोलीत देऊ द्यावे. प्रश्न विचारला की हात वर करणाऱ्या दोघाचौघांवर न थांबता प्रत्येकाला पाटीवर उत्तर लिहावयास लावावे. कोण कोठे अडले ते एका नजरेत कळते. मोठ्यांनी धाकट्यांना वाचून दाखवावे, म्हणजे बहुवर्ग शाळेतील अडचणीचेच साधन होते.

यांपैकी कशालाही फार पैसा लागत नाही. लागतो तो शिक्षकाचा वेळ, आणि नेमका तोच हिरावला जात आहे. जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत, असे 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचे 27 वे कलम सांगते. तरीही माहितीचे तक्ते, छायाचित्रे आणि पोषण आहाराचे हिशेब यांत शिकविण्याचे तास खर्ची पडतात. शिक्षक प्रशिक्षित असावा व त्याला पुरेसे वेतन मिळावे, अशी मागणी महात्मा फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे केली होती. कंत्राटी नेमणुका आणि रिक्त जागा पाहता ती अद्याप जुनी झालेली नाही.

शिक्षकाला आधार म्हणजे सत्कार आणि श्रीफळ नव्हे. केंद्रातील शिक्षकांनी एकत्र बसून परिपत्रके वाचण्याऐवजी फसलेल्या पाठाची चर्चा करावी, एकमेकांचे वर्ग पाहावेत, आणि त्यासाठी त्यांना कामाच्या वेळेतच मोकळीक मिळावी. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याने दप्तराआधी एक पाठ पूर्ण ऐकावा.

येथे साथींचे कर्तव्य सुरू होते. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. बहुतेक गावी ही समिती सह्यांपुरती उरते. आपल्या गावात ती भरते का, शेतमजूर आईला तीत बोलता येते का, शिक्षकाचे किती दिवस वर्गाबाहेर गेले याची नोंद होते का, हे पाहावे. ती नोंद हाती घेऊन पंचायत समितीवर जावे. शिक्षक कामचुकार असेल तर त्यालाही जाब विचारावा. पण तो अधिकार त्याच्या अडचणीत पाठीशी उभे राहणाऱ्यालाच पोचतो.

श्रीमंतांची मुले अन्यत्र वाट काढतात. ज्यांना गावच्या शाळेवाचून दुसरी शाळा नाही, त्यांच्यासाठी तिचा एक वाया गेलेला तासही महाग आहे.