बिऱ्हाडे बदलून स्वराज्य येत नाही

विकेंद्रित समाजमाध्यमे पारखून पाहण्याची एक लाट सुशिक्षित वर्गात अधूनमधून उसळत असते. आज मॅस्टोडॉन, उद्या ब्लूस्काय, परवा आणखी काही, अशी बिऱ्हाडे पालटीत हिंडणारे पुष्कळ भेटतात. आणि ‘तेथे आपले कोणी नाही’ एवढाच अभिप्राय घेऊन परततात. ही माध्यमे आम्हीही वापरून पाहिली. मराठी वस्ती तेथे विरळ आहे, हे आम्हांस मान्य आहे. त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र मुळीच मान्य नाही.

२०१६ साली निघालेल्या मॅस्टोडॉनचे सर्व्हर कोणा एका धन्याच्या ताब्यात नाहीत. ज्यास इच्छा होईल त्याने स्वतःचा सर्व्हर चालवावा, आपले नियम करावे, आणि २०१८ साली मान्यता पावलेल्या ‘ॲक्टिव्हिटीपब’ या सामाईक संकेताने इतरांशी दळणवळण ठेवावे, अशी ती योजना आहे. सातारा-सांगलीच्या वाचकांस यात अपूर्व ते काय? १९२० साली सुरू झालेले किर्लोस्कर मासिक औंध संस्थानातील किर्लोस्करवाडीसारख्या लहानशा वसाहतीतून निघे आणि टपालाने दूरदूरच्या वाचकांच्या हाती पडे. मासिक आपले, टपाल सर्वांचे, तत्त्व तेच. उलट एकाच कंपनीच्या वाड्यात राहणाऱ्यांची गत काय झाली? ऑर्कुट २०१४ साली मिटले, ‘कू’ २०२४ साली. धन्याने कुलूप लावताच भाडेकरू रस्त्यावर आले.

ऑक्टोबर २०१९ मध्ये ट्विटरने ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते बंद केले, तेव्हा संतापलेले अनेक भारतीय मॅस्टोडॉनवर गेले. पण तो संताप फार काळ टिकला नाही. आमच्या मते याचे कारण उघड आहे: ही मंडळी दुसऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून गेली, स्वतःचे घर बांधण्याचे कष्ट फार थोड्यांनी घेतले.

हे कष्ट कोणते, ते या भूमीस शिकवावे लागू नये. १९४३ पासून १९४६ पर्यंत तत्कालीन सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगलीच्या मोठ्या भागातही, क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चालले. गावोगावी न्यायदान मंडळे बसली. तंटे गावानेच ऐकले व गावानेच मिटविले. त्याच्या कठोर शिक्षांवर आक्षेपही आले, आणि तेही विसरता कामा नयेत. सत्ता लहान झाली म्हणजे ती आपोआप न्यायी होत नाही. सर्व्हर चालविणाऱ्यासही निंदकास बाहेर काढावे लागते. तो निवाडा कोणत्या नियमाने व्हावा आणि त्यावर दाद कोठे मागावी, हे आधीच ठरलेले असावे लागते.

‘खर्च कोणी करावा?’ असा आक्षेप येईल. जे जिल्हे वर्गणीवर वाचनालये चालवितात आणि भागभांडवल जमवून सहकारी साखर कारखाने उभारतात, त्यांनी हा प्रश्न विचारावा, याचे आम्हांस नवल वाटते. सर्व्हर बदलताना अनुयायी नेता येतात, जुने लेखन मात्र नेता येत नाही, हा मॅस्टोडॉनचा दोष खराच. पण त्यामुळे तर घर विश्वासाच्या संस्थेचे असणे अधिकच अगत्याचे ठरते. साताऱ्याच्या व सांगलीच्या वाचनालयांनी आणि महाविद्यालयांनी एकत्र येऊन असा एक सर्व्हर चालवावा, सभासदांकडून वर्गणी घ्यावी, नियम मराठीत लिहावे व दरसाल हिशेब मांडावा. तोवर ‘तेथे आपले कोणी नाही’ ही तक्रार करण्याचा अधिकार आम्हांपैकी कोणासही नाही.